'देव'चा 'दव' का होतो? हिब्रू-ग्रीक शिकवणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरबद्दल वाचकांचे प्रश्न

बायबलच्या मूळ भाषा म्हणजे हिब्रू, ग्रीक आणि थोडी अरामी. त्या मराठीतून शिकता याव्यात म्हणून मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार करू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. ते बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (बेळगाव, कॅम्प) : आम्ही चौघं इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आहोत. चर्चमधल्या तरुणांसाठी हिब्रू आणि ग्रीक शिकवणारं ॲप करायचं आहे. मूळ पाठ इंटरनेटवर भरपूर सापडतो. तो सरळ घेतला तर चालेल का?

वाचायला मोकळा असलेला पाठ घ्यायलाही मोकळा असतोच असं नाही. आधी परवाना बघा, मग डाउनलोड करा.

हिब्रूसाठी 'वेस्टमिन्स्टर लेनिनग्राड कोडेक्स' घ्या. इ.स. १००८ च्या आसपास लिहिलेल्या आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या हस्तलिखिताची ही डिजिटल प्रत आहे. तिच्यावर कुणाचा हक्क नाही. 'ओपन स्क्रिप्चर्स हिब्रू बायबल' या प्रकल्पाने त्यातल्या शब्दांना मूळ शब्दाचा क्रमांक आणि व्याकरणाची ओळख जोडली आहे. ते काम क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय ४.० खाली आहे, म्हणजे श्रेय दिलं की वापरा. पुस्तकागणिक एक अशा ३९ एक्सएमएल फायली आहेत. उत्पत्तीचं पहिलं वचन उघडलंत तर सात शब्द दिसतील. पहिल्या 'बेरेशित'मध्ये तिरकी रेघ आहे. अलीकडे 'बे' (मध्ये), पलीकडे 'रेशित' (आरंभ), आणि क्रमांकही तसाच तुटक : बी, तिरकी रेघ, ७२२५. ही रेघ पुसू नका. हिब्रूत उपसर्ग शब्दाला चिकटून येतात. ते सुटे दाखवता आले तरच नवशिक्याला मूळ शब्द ओळखू येतो.

ग्रीकसाठी २०१० चा 'एसबीएल ग्रीक नवा करार' बीवाय ४.० खाली आहे. त्यावरचं 'मॉर्फजीएनटी' हे व्याकरण-विश्लेषण बीवाय-एसए खाली आहे. त्यात २७ फायली, दर ओळीला एक शब्द, सात रकाने. 'एसए'चा अर्थ असा की त्यावर बेतलेला तुमचा तक्ताही त्याच परवान्याखाली द्यावा लागेल. विद्यापीठांत प्रमाण मानली जाणारी नेस्ले-आलांडची २८ वी आवृत्ती मात्र हक्काधीन आहे, तिला हात लावू नका.

अॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठाचा 'बीएचएसए' संच वाक्यरचनेच्या दृष्टीने फार श्रीमंत आहे, पण त्याचा परवाना 'बिगर-व्यापारी' आहे. उद्या निपाणीतल्या कुणी तुमच्या तक्त्यावरून पुस्तिका छापून पन्नास रुपयांना विकली तर तो भंग ठरेल. ज्याला खरोखर खुलं म्हणायचं आहे त्यात हा संच मिसळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोशांपैकी स्ट्राँगचे क्रमांक (१८९०; वर सांगितलेले मूळ शब्दांचे क्रमांक ते हेच) आणि ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज हा हिब्रू कोश (१९०६) हक्कमुक्त आहेत, पण दोन्ही इंग्रजीत. मराठी वचनं द्यायची तर बायबल सोसायटीच्या मराठी आवृत्त्यांवर हक्क आहे, त्यासाठी लेखी परवानगी लागते. पंडिता रमाबाईंनी स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांतून केलेलं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण छापलं गेलं. भारतात अशा ग्रंथाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांनी संपतो, म्हणून ते आज मोकळं आहे.

शेवटचं म्हणजे प्रत्येक परवान्याचा मजकूर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि स्वतःच्या कोडचा परवाना (एमआयटी किंवा जीपीएल) पहिल्याच दिवशी ठरवा. वीस जणांनी हातभार लावल्यावर तो बदलायचा तर विसांचीही संमती लागते.

प्रश्न (बेळगाव, टिळकवाडी) : हिब्रू शब्द खुणांशिवाय टाइप केला तरी सापडावा म्हणून आम्ही सगळ्या जोडखुणा काढून टाकणारं फंक्शन लिहिलं. हिब्रू-ग्रीक शोध चालू झाला, पण मराठी अर्थांची दाणादाण उडाली. 'देव' शोधला की 'दव' दिसतं. 'राजा' मात्र ठीक राहतो. नेमकं काय झालंय?

तुम्ही बहुधा 'युनिकोड वर्ग एमएन असलेलं अक्षर गाळ' असा नियम लावला आहे. युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक आणि वर्ग देणारी पद्धत, आणि तिच्यात एमएन म्हणजे अक्षराला जोडलेली, स्वतः जागा न घेणारी खूण. हिब्रूचे स्वर आणि ग्रीकचे आघात या वर्गात येतात, म्हणून तिथे काम झालं. पण देवनागरीच्या निम्म्या मात्राही याच वर्गातल्या आहेत. एकार, ऐकार, उकार, ऊकार, ऋकार, अनुस्वार, हलन्त आणि नुक्ता हे सगळे 'एमएन' आहेत. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार आणि औकार मात्र 'एमसी' (जागा घेणाऱ्या खुणा) वर्गात आहेत, त्यांना धक्का लागत नाही. त्यामुळे 'राजा', 'पाणी', 'नदी' सुखरूप राहतात आणि 'देव'चा 'दव', 'कृपा'चं 'कपा', 'पुत्र'चं 'पतर', 'शांती'चं 'शाती' होतं. दहा शब्द तपासून पाहिले आणि ते नेमके काना-वेलांटीचे निघाले, तर चूक महिनोन्महिने लपून राहते.

वर्ग आणि क्रमांकांचा पल्ला अशा दोन्ही अटी लावा. अक्षर 'एमएन' असेल आणि ०५९१ ते ०५सी७ (हिब्रू) किंवा ०३०० ते ०३६एफ (ग्रीकच्या सुट्या खुणा) या पल्ल्यात असेल, तरच गाळा. देवनागरीचा पल्ला ०९०० पासून सुरू होतो, तिकडे हे फंक्शन जाणारच नाही. ग्रीक मजकूर आधी एनएफडी (अक्षर आणि खुणा सुट्या) रूपात फोडून घ्यावा लागतो, नाहीतर आघात अक्षरातच गोठलेला असतो आणि गळत नाही.

फक्त पल्ला बघून वर्ग सोडून दिलात तर उलटी चूक होते. हिब्रूच्या त्या पल्ल्यात 'मकाफ' ही दोन शब्द जोडणारी आडवी रेघही बसली आहे, आणि ती खूण नसून विरामचिन्ह आहे. ती गाळली की उत्पत्ती १:२ मधले 'अल' आणि 'पेने' हे दोन शब्द एकमेकांत घुसून तिसराच शब्द तयार होतो. मकाफच्या जागी आधी मोकळी जागा टाका, मग बाकीचं करा.

ग्रीकमध्ये शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा वेगळ्या आकाराचा आणि वेगळ्या क्रमांकाचा असतो. पायथनचं 'केसफोल्ड' दोन्ही एकच करतं. जावास्क्रिप्टचं 'टूलोअरकेस' करत नाही, तिथे हाताने बदला.

हे सगळं शोधासाठीच्या वेगळ्या रकान्यात करा. दाखवायचा पाठ जसा आला तसाच ठेवा, त्याला एनएफसीसुद्धा (खुणा ठरलेल्या क्रमाने लावणारं रूप) लावू नका. यरुशलेमच्या हिब्रू रूपात एकाच अक्षराखाली 'पताह' आणि 'हिरिक' असे दोन स्वर येतात आणि युनिकोडचा ठरलेला क्रम त्यांची अदलाबदल करतो. विद्यार्थ्याचं टाइप केलेलं उत्तर तपासताना मात्र दोन्ही बाजू एनएफसी करूनच ताडून पाहा. कुणी 'दागेश' (अक्षरातला ठिपका) आधी टाइप करतो, कुणी स्वर आधी. डोळ्यांना सारखंच दिसतं, यंत्राला नाही, आणि बरोबर उत्तरावर फुली पडली की शिकणाऱ्याचा धीर सुटतो.

मराठीसाठीही एक गोष्ट तपासा : 'ताऱ्यांचा' या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरी अदृश्य जोडणाऱ्या अक्षराने. शोधाच्या रकान्यात दोन्ही एकाच रूपात आणा.

प्रश्न (निपाणी) : मी मराठी शाळेत शिकवते. उच्चार देवनागरीत द्यावेत असं वाटतं, पण कोणता आवाज कसा लिहायचा यावर आमच्यात एकमत होत नाही.

देवनागरी द्याच, रोमन लिपीच्या आडवळणाची गरज नाही. सीमाभागातल्या माणसाचा कान तर या कामाला आधीच तयार आहे.

हिब्रूच्या 'साधे' या अक्षराचा आजचा उच्चार 'चाक', 'चूल' यांतल्या च सारखा आहे. हा आवाज आपल्याकडे आहे, फक्त आपण तो 'चहा'तल्या च पासून वेगळा लिहीत नाही. त्यासाठी नुक्ता वापरा, म्हणजे च़. 'पृथ्वी, भूमी' या अर्थाचा शब्द मग 'एरेच़' असा लिहाल. 'झायिन'साठी ज़. 'खेत'साठी ख़, कारण साधा ख लिहिला की वाचणारा 'खण'मधला ख म्हणतो आणि इथे घसा घासून येणारा आवाज हवा आहे. 'तेत'साठी ट वापरण्याचा मोह होतो, तो टाळा. ऐकणाऱ्याला 'टाळ'चा ट ऐकू येईल आणि तो हिब्रूत नाही. त़ असं लिहा.

'आलेफ' आणि 'आयिन' हे खरे अडचणीचे. देवनागरीत 'अल' लिहिलं तर ते 'नको' (आलेफचं) आहे की 'वर' (आयिनचं), हे कळत नाही. आयिनसाठी अवग्रह घ्या. मग 'अल' म्हणजे नको आणि 'ऽअल' म्हणजे वर. आलेफला काही खूण नको.

ग्रीकमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगळे, ऱ्हस्व आणि दीर्घ ओ वेगळे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला हे कानाने पकडायला वेळ लागतो. बेळगाव-निपाणीच्या मुलाला कन्नड येतं. त्याला सांगा, 'ऎरडु'मधला तो एप्सिलॉन आणि 'एळु'मधला तो एटा. 'ऒंदु'मधला ओमिक्रॉन आणि 'ओदु'मधला ओमेगा. कन्नडमधल्या या ऱ्हस्व स्वरांसाठी देवनागरी युनिकोडमध्ये ऎ, ऒ आणि त्यांच्या मात्रा आहेतच. 'शब्द, वचन' हा अर्थ असलेला ग्रीक शब्द 'लॊगॊस' असा लिहा, दोन्ही ओ ऱ्हस्व. घटका, वेळ या अर्थाचा 'होरा' दीर्घ. आपल्या पंचांगातला होरा याच ग्रीक शब्दावरून आला.

थीटा, फी आणि खी यांचे अभिजात काळातले उच्चार म्हणजे आपले सरळ थ, फ, ख. नंतरच्या काळात ते घर्षक झाले. तुमचा अभ्यासक्रम कोणती पद्धत धरतो ते पहिल्या पानावर लिहा आणि मध्येच बदलू नका.

प्रश्न (खानापूर) : मराठी अर्थ आम्ही इंग्रजी कोशावरून भाषांतर करून भरतोय. एका शब्दाला एक अर्थ पुरेसा आहे ना?

नाही. आणि इंग्रजीवरून आणलेल्या अर्थांत इंग्रजीच्याच मर्यादा येतात. 'नेफेश' (क्रमांक ५३१५) घ्या. इंग्रजीवरून आलात तर 'आत्मा' लिहाल. पण नेफेश म्हणजे गळा, श्वास, प्राण, भूक आणि माणूस स्वतः. मराठीत यासाठी 'जीव' आहे. जीव जातो, जीव लागतो, घरात चार जीव असतात. 'आत्मा' हा शब्द 'रूआख़' (७३०७) साठी राखून ठेवा, आणि तिथेही वारा आणि श्वास हे दोन अर्थ आधी द्या.

ग्रीक 'केन्ट्रॉन' (२७५९) बघा. आपलं 'केंद्र' त्याच्यापासून आलं, कारण कंपासाचं टोक जिथे टोचतं तो मध्य. नव्या करारात तो प्रेषितांची कृत्ये २६:१४ मध्ये येतो आणि तिथे तो बैलाला टोचायची पराणी आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५:५५ मध्ये तोच शब्द विंचवाच्या नांगीसारखा आहे. एकच अर्थ भरला तर दोनपैकी एक वचन बिघडतं.

म्हणून दोन तक्ते करा. पहिल्यात मूळ शब्द आणि त्याचे दोन ते चार अर्थ. दुसऱ्यात फक्त अपवाद : अमुक वचनातला अमुक क्रमांकाचा शब्द, तिथला अर्थ. सॉफ्टवेअरने आधी दुसरा तक्ता पाहावा, तिथे काही नसेल तर पहिला. सुरुवातीला दुसरा तक्ता रिकामा असला तरी चालेल, पण त्याची जागा पहिल्या दिवसापासून हवी.

अर्थ भरणारा आणि तपासणारा माणूस वेगळा ठेवा. यंत्राकडून मसुदा घेतलात तर तसा रकान्यात उल्लेख करा आणि माणसाने तपासल्याशिवाय तो अर्थ विद्यार्थ्याला दाखवू नका. शब्द निवडताना आपल्या भागातल्या शेतकऱ्याला, शिंप्याला, स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोणता शब्द येतो ते विचारा. बायबलमध्ये नांगर, मळणी, खमीर, पखाली आहेत, आणि ते शब्द जिवंत बोलीत आजही मिळतात.

प्रश्न (निपाणी) : व्याकरणाच्या संज्ञा मराठीत द्यायच्या की इंग्रजीच ठेवायच्या?

जिथे मराठीत नेमकी संज्ञा आहे तिथे मराठी. ग्रीकच्या विभक्ती म्हणजे प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन, सातवीतल्या मुलालाही सांगता येतात. तीन लिंगं आपल्यासारखीच. हिब्रूत दोनच, पण 'तू गेलास' आणि 'तू गेलीस' हा फरक हिब्रूतही आहे : 'हालख़ता' आणि 'हालख़्त'. हिब्रूचं 'हिफील' रूप समजवायला 'बसणे-बसवणे' ही जोडी पुरते. ते आपलं प्रयोजक क्रियापद. जिथे जोड नाही तिथे मूळ नावच ठेवा : ग्रीक क्रियापदाचं 'एओरिस्ट', हिब्रूचं 'पिएल'. एओरिस्टला 'साधा भूतकाळ' म्हटलं की आज्ञार्थातल्या एओरिस्टपाशी विद्यार्थी अडखळतो, कारण तिथे भूतकाळाचा संबंधच नसतो.

एका ठिकाणी मराठीची सवय फसवते. आपल्याकडे 'घोडा'चं सामान्यरूप होऊन 'घोड्याचं शेपूट' होतं, म्हणजे मालकाचं रूप बदलतं. हिब्रूत बदलतं ते मालकीच्या वस्तूचं. 'बायित' म्हणजे घर, पण भाकरीचं घर म्हणताना 'बेत लेख़ेम' (बेथलेहेम) : घर बदललं, भाकर तशीच राहिली. यासाठी निदान वीस जोड्यांचा वेगळा सराव ठेवा.

प्रश्न (चिक्कोडी) : मराठी ओळीत हिब्रू शब्द आला की कंस आणि आकडे भलतीकडे उडतात. काही फोनवर स्वरांचे ठिपके अक्षराशेजारी पडतात.

कंस, स्वल्पविराम यांना स्वतःची दिशा नसते, शेजारचा शब्द जिकडे जातो तिकडे तेही जातात. इंग्रजी आकडेही हिब्रूच्या मागे आले की त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसतात. देवनागरी आकडे युनिकोडने डावीकडून उजवीकडचे मानले आहेत, म्हणून '१:१' जागच्या जागी राहतं. यामुळे देवनागरी आकड्यांवर चाचणी केलीत तर दोष दिसतच नाही आणि कुणी इंग्रजी आकडे निवडले की उगवतो. उपाय एकच : प्रत्येक हिब्रू शब्द 'बीडीआय' टॅगमध्ये गुंडाळा, त्यावर दिशा आणि भाषेचा कोड घाला (प्राचीन हिब्रूचा एचबीओ, प्राचीन ग्रीकचा जीआरसी). साध्या मजकुरात २०६८ आणि २०६९ या अदृश्य खुणांच्या मध्ये ठेवा.

ठिपके सुटतात कारण अक्षर एका फॉन्टमधून आणि ठिपका दुसऱ्या फॉन्टमधून येतो. फोनच्या फॉन्टवर विसंबू नका. हिब्रूला 'एझ्रा एसआयएल', ग्रीकला 'जेन्टियम', मराठीला 'नोटो' हे खुल्या परवान्याचे फॉन्ट ॲपसोबतच द्या. आकार कमी करायला फॉन्ट छाटताना खुणा जागेवर बसवणारे 'मार्क' आणि 'एमकेएमके' हे नियम उडाले नाहीत ना, ते बघा. हिब्रूचा आकार मराठीच्या दीडपट आणि ओळीची उंची किमान १.८ ठेवा, नाहीतर खालच्या खुणा कापल्या जातात. नवशिक्यांसाठी ०५९१ ते ०५एएफ या गायन-खुणा लपवायचं बटण द्या. स्वर त्यापुढे सुरू होतात, त्यांना धक्का लागत नाही.

प्रश्न (खानापूर) : अर्थ भरणारी मंडळी एक्सेलमध्ये काम करतात. परत आलेल्या फाइलमध्ये वचनांचे आकडे बदललेले आणि कधी नुसती प्रश्नचिन्हं असतात.

एक्सेल '३:१६'ला घड्याळाची वेळ समजतो, '५१:३'चं '५१:०३:००' करतो, '३-५'ची तारीख करतो आणि '०४३०'चं पुढचं शून्य खातो. साध्या सीएसव्हीत जतन केलं की देवनागरी आणि हिब्रूच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती पुन्हा अक्षरं होत नाहीत. लिबरऑफिस कॅल्क वापरा, टॅबने तोडलेली यूटीएफ-८ फाइल, आणि उघडताना प्रत्येक रकाना 'टेक्स्ट' निवडा. वचनाचा पत्ता 'उत्प.१.१.३' असा टिंबांनी लिहा, त्याला कुणी वेळ किंवा तारीख समजणार नाही. एक्सेलच वापरणार असतील तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायला सांगा आणि पायथनमध्ये 'यूटीएफ-८-सिग'ने वाचा, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला अदृश्य खूण चिकटते आणि तो रकाना सापडत नाही.

प्रश्न (बेळगाव, शहापूर) : किती शब्द पाठ झाले की ग्रीक वाचता येतं? उजळणीचा हिशेब कसा बसवायचा?

ग्रीक नव्या करारात सुमारे १ लाख ३८ हजार शब्द आहेत. त्यांत नुसतं उपपद २० हजारांच्या जवळ आणि 'आणि' अर्थाचं 'काय' ९ हजारांच्या आसपास, म्हणजे दोघांत पाचवा हिस्सा. पन्नासहून अधिक वेळा येणारे तीनशेच्या थोडे वर मूळ शब्द आले की मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग ओळखीचा होतो. रोज पाच नवे शब्द धरले तर दोन महिने. दहा धरले की तिसऱ्या आठवड्यात उजळणीचा ढीग साचतो आणि माणूस सोडून देतो.

'एसएम-२' ही १९८७ ची उजळणी-पद्धत वीस-तीस ओळींत लिहून होते. पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी सहा दिवसांनी, मग मागच्या अंतराला सुलभांकाने (शब्द किती सोपा जातो त्याच्या आकड्याने) गुणायचं. तो २.५ पासून सुरू होतो आणि १.३ खाली जाऊ द्यायचा नाही. सहा, पंधरा, अडतीस असं अंतर वाढत जातं. चुकलं की पुन्हा एका दिवसावर. दिवस मात्र जागतिक वेळेने मोजू नका. तिथला दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. प्रार्थनेआधी पाचला बसणाऱ्याचा अभ्यास कालच्या खात्यात जातो. स्थानिक पहाटे चार ही सीमा ठेवा. हे सगळं स्वतः लिहायचंच नसेल तर 'अँकी' हे मुक्तस्रोत ॲप आहे, त्यासाठी मराठी उजळणी-कार्डांचा संच करून दिलात तरी मोठं काम होईल.

प्रश्न (जांबोटी) : आमच्याकडे नेटवर्क येतं-जातं. ऑफलाइन चालेल असं करता येईल का?

येईल. सगळा पाठ, फॉन्ट आणि अर्थ पहिल्या भेटीतच फोनमध्ये उतरवणारं वेबॲप करा. त्यासाठी लागणारा 'सर्व्हिस वर्कर' (नेटवर्क नसताना ॲप चालवणारा ब्राउझरमधला भाग) फक्त एचटीटीपीएसवर चालतो, त्यामुळे झिप फाइल पाठवून उघडायला सांगितलं तर काही होणार नाही. हातोहात द्यायचं तर अँड्रॉइडची एपीके करा आणि फोनवरून फोनवर पाठवा. आयफोनच्या सफारीत ॲप होम स्क्रीनवर घातलं नाही तर सात दिवस न वापरल्यावर साठवलेलं पुसलं जाऊ शकतं. प्रगतीची फाइल बाहेर काढायचं बटण पहिल्या आवृत्तीतच द्या.

प्रश्न (बेळगाव, वडगाव) : उच्चारांचं ध्वनिमुद्रण घरीच करता येईल का?

हो. चादरी-गोधड्या लावलेली खोली, फोनपासून वीतभर अंतर, एकाच माणसाचा आवाज, मोनो, ४८ किलोहर्ट्झ. मूळ डब्ल्यूएव्ही फायली जपून ठेवा, ॲपसाठी ३२ केबीपीएस ओपस करा. दीड सेकंदाचा शब्द सुमारे ६ केबीत बसतो, तीनशे शब्द २ एमबीच्या आसपास. जुन्या आयफोनसाठी एमपी३ चीही प्रत द्या. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली मुद्रण करू नका. पावसाची ती सरसर नंतर कोणत्याही फिल्टरने नीट निघत नाही, आणि 'स' आणि 'श' तिच्यातच बुडतात. बोलणाऱ्याची परवान्याला संमती एका ओळीत लिहून घ्या.

प्रश्न (चिक्कोडी) : स्तोत्र ५१ मध्ये मराठी आणि हिब्रू वचनं जुळत नाहीत. आमच्या कोडमध्ये चूक आहे का?

कोड बरोबर आहे. हिब्रूत स्तोत्राचं शीर्षक वचन म्हणून मोजतात आणि इथे ते दोन वचनांचं आहे, म्हणून मराठीतलं ५१:१ हे हिब्रूत ५१:३ आहे. योएलचे हिब्रूत चार अध्याय आहेत, मराठीत तीन. मलाखीचे हिब्रूत तीन, मराठीत चार. हे जुळवायला हाताने बेरीज-वजाबाकी करू नका. ओपन स्क्रिप्चर्सच्या संचात 'व्हर्समॅप' नावाची फाइल आहे, ती वापरा. आतला पत्ता कायम हिब्रूचा ठेवा, मराठी आकडा फक्त पडद्यावर दाखवा. दानिएल २:४ च्या मध्यापासून ७:२८ पर्यंतचा मजकूर अरामी आहे, एज्राचे ४:८ ते ६:१८ आणि ७:१२ ते २६ हे भागही. तिथे शब्दांच्या व्याकरण-कोडचं पहिलं अक्षर एच ऐवजी ए असतं. ते पाहून भाषेचं नाव पडद्यावर बदला, म्हणजे विद्यार्थी अरामी क्रियापदांना हिब्रूचे नियम लावत बसणार नाही.